क्लोझापिन घरात येतं तेव्हा

स्किझोफ्रेनियाचं निदान होऊन काही वर्षं झालेली असतात. दोन-तीन औषधं बदलून झालेली असतात. कानातले आवाज थांबत नाहीत, शेजारचे आपल्यावर पाळत ठेवतात हा संशय जात नाही. मग एखाद्या भेटीत मनोविकारतज्ज्ञ म्हणतात, "आता आपण क्लोझापिन सुरू करू." आणि लगेच सांगतात, की सुरुवातीला दर आठवड्याला रक्त तपासावं लागेल. घरी पोहोचेपर्यंत घरच्यांच्या मनात फक्त हे रक्ताचं वाक्य उरलेलं असतं. एवढं रक्त तपासायला लागतं म्हणजे औषध किती जहाल असेल! कोणीतरी मोबाइलवर शोधतं, पांढऱ्या पेशी कमी होतात, जिवाला धोका असतो असं वाचतं, आणि डॉक्टरांची चिठ्ठी कपाटात जाते.

ती चिठ्ठी बाहेर काढावी, आणि काढल्यावर औषध नीट सांभाळावं, म्हणून हे लिहितो आहे. क्लोझापिनचे धोके खरे आहेत. पण त्यातले बहुतेक धोके आधी चाहूल देतात, आणि ती चाहूल घरातल्या माणसाला ओळखता येते. त्यासाठी डॉक्टर असावं लागत नाही, जागं असावं लागतं.

या औषधाचा इतिहास थोडा माहीत असला तर रक्ततपासणीची भीती कमी होते. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ते युरोपात वापरात आलं. १९७५ मध्ये फिनलंडमध्ये ते घेणाऱ्या काही रुग्णांच्या रक्तातल्या जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी जवळजवळ नाहीशा झाल्या आणि त्यातले आठ जण दगावले. अनेक देशांनी औषध मागे घेतलं. ते तिथेच संपलं असतं, पण ज्यांना दुसऱ्या कशानेच गुण येत नव्हता असे रुग्ण याने सुधारलेले डॉक्टरांनी पाहिले होते. १९८८ मध्ये अमेरिकेत जॉन केन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच २६८ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. सहा आठवड्यांत क्लोझापिन घेणाऱ्यांपैकी ३० टक्के सुधारले, तुलनेसाठी दिलेल्या जुन्या औषधावर फक्त ४ टक्के. पुढच्याच वर्षी अमेरिकेने औषधाला मान्यता दिली, पण नियमित रक्ततपासणीच्या अटीवर. म्हणजे ही तपासणी आली म्हणून तर हे औषध परत वापरता आलं. आत्महत्येचा धोका असलेल्या स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांमध्ये आत्महत्येचे प्रयत्न क्लोझापिनवर कमी होतात, हेही २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात दिसलं. मला स्वतःला हे या औषधाचं सगळ्यांत मोठं देणं वाटतं.

ब्रिटन-अमेरिकेत कित्येक वर्षं नियम असा होता, की रक्ताचा रिपोर्ट नाही तर गोळी नाही. रुग्णाची नोंदणी व्हायची आणि रिपोर्ट पाहिल्याशिवाय औषध हातात पडायचं नाही. अमेरिकेने ही नोंदणीची सक्ती २०२५ मध्ये काढली, तरी तपासण्या कराव्यात ही शिफारस कायम ठेवली. आपल्याकडे दुकानात चिठ्ठी दाखवली की गोळ्यांची पट्टी मिळते, रिपोर्ट कोणी मागत नाही. त्यामुळे तिथे व्यवस्थेने घातलेला पहारा इथे घरच्यांनी घालायचा आहे. ज्यांना आपल्याकडच्या स्वमदत गटांत शुभंकर म्हणतात, त्या सांभाळणाऱ्या माणसांचं खरं काम हेच.

सुरू करण्याआधी

क्लोझापिन हे पहिलं औषध नव्हे. दोन वेगळी औषधं, पुरेशा डोसमध्ये, प्रत्येकी साधारण सहा आठवडे घेऊनही फरक पडला नाही, तर त्याचा विचार होतो. इथे एक प्रश्न डॉक्टर विचारतीलच, पण घरच्यांनी आधी आपल्याशी विचारावा: ती औषधं खरंच पोटात गेली होती का? जिभेखाली धरून बेसिनमध्ये थुंकलेली गोळी कितीही चांगली असली तरी गुण देत नाही. त्याचं उत्तर डॉक्टरांना खरं सांगा. त्यात लाज कसली?

सुरुवातीला रक्ताची पूर्ण तपासणी (सीबीसी), साखर, कोलेस्टेरॉल, वजन, कमरेचा घेर, रक्तदाब आणि ईसीजी अशा नोंदी करून घ्या. पूर्वी कधी फीट आली असेल, घरात मधुमेह असेल, हृदयाचा त्रास असेल, एखाद्या औषधाने पांढऱ्या पेशी कमी झाल्या असतील, तर न विचारताही सांगा.

डोस १२.५ मिलिग्रॅमने, म्हणजे २५ च्या अर्ध्या गोळीने सुरू होतो आणि हळूहळू वाढतो. बऱ्याच जणांना पुढे दिवसाला ३०० ते ४५० मिलिग्रॅम लागतं, काहींना त्याहून बरंच कमी पुरतं. ही वाढ संथ वाटते म्हणून कोणीही आपल्या मनाने घाई करू नये. पहिल्या दिवसांत रक्तदाब एकदम उतरून चक्कर येऊ शकते. अंथरुणातून उठताना आधी बसायचं, मिनिटभर थांबायचं, मग उभं राहायचं. झोप खूप येते. डोस वाढत असताना दुचाकी चालवू देऊ नका. या औषधाने फीट येण्याचा धोका डोसबरोबर वाढतो, म्हणून विहिरीत किंवा नदीत एकट्याने पोहणं आणि झाडावर किंवा उंच शिडीवर चढणंही टाळलेलं बरं.

आणि दुकानातून आणलेल्या पट्टीवरचं नाव दर वेळी वाचा. क्लोझापिन आणि क्लोनाझेपाम ही दोन नावं कानाला आणि डोळ्याला फार जवळची आहेत आणि औषधं मात्र पूर्ण वेगळी. गोळीचा आकडाही पाहा. २५ च्या जागी १०० ची पट्टी आली तर चौपट डोस पोटात जातो.

रक्ताचा रिपोर्ट वाचायला शिका

पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या कमी होण्याचं प्रमाण शंभरात एकाहून थोडं कमी आहे, आणि त्यातल्या बहुतेक घटना पहिल्या १८ आठवड्यांत घडतात. म्हणून या काळात दर आठवड्याला सीबीसी करायची. पुढचं वेळापत्रक डॉक्टर ठरवतील. काही ठिकाणी महिन्यातून एकदा असतं, काही ठिकाणी आधी पंधरवड्यातून एकदा आणि वर्षभराने महिन्यातून एकदा. गल्लीतली कोणतीही चांगली लॅब चालते, पण सीबीसीबरोबर डिफरन्शिअल काउंट हवाच, हे सांगायला विसरू नका.

आपल्याला हवा तो आकडा न्यूट्रोफिल पेशींचा, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा. रिपोर्टवर पांढऱ्या पेशींची एकूण संख्या असते आणि न्यूट्रोफिलची टक्केवारी असते. दोन्हींचा गुणाकार करून शंभराने भागायचं. एकूण पेशी ६२०० आणि न्यूट्रोफिल ६० टक्के असतील, तर ३७२०. हा आकडा १५०० च्या वर असेल तर निर्धास्त राहा. १५०० च्या खाली दिसला तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा आणि पुढचा डोस द्यायचा की नाही ते त्यांच्याकडून ऐका. १००० च्या खाली गेला तर औषध थांबतं. एका वहीत तारीख, डोस आणि हा आकडा लिहीत जा. एकटा आकडा ठीक वाटतो, पण ४२००, ३३००, २४०० अशी उतरण वहीतच नजरेला पडते.

वहीइतकाच महत्त्वाचा थर्मामीटर. क्लोझापिन घेणाऱ्या माणसाला ताप आला, घसा दुखू लागला, तोंडात फोड आले, तर पॅरासिटामॉल देऊन दोन दिवस बघू, असं करायचं नाही. त्याच दिवशी सीबीसी. पावसाळ्यात महाराष्ट्रात ताप म्हटला की घरोघरी डेंग्यू किंवा मलेरिया असं ठरवून टाकलं जातं, आणि ते खरंही असू शकतं. पण डेंग्यूतही पांढऱ्या पेशी घसरतात, म्हणून तपासणी दोन्ही कारणांनी हवी. शिवाय अंगात मोठा जंतुसंसर्ग असला की रक्तातलं क्लोझापिनचं प्रमाण आपोआप वाढतं आणि तोच डोस जड होतो. पहिल्या एक-दोन महिन्यांत तापाबरोबर छातीत दुखणं, धाप लागणं, बसल्या जागी छाती धडधडणं असं काही दिसलं, तर हृदयाच्या स्नायूला सूज आलेली असू शकते. हे क्वचित होतं, पण तेव्हा रात्र काढायची नाही, थेट हॉस्पिटल गाठायचं.

पोटाकडे दुर्लक्ष नको

रक्तावर सगळ्यांची नजर असल्यामुळे पांढऱ्या पेशी घटल्याने होणारे मृत्यू आता फार थोडे आहेत. पोटाकडे मात्र कोणी बघत नाही. क्लोझापिनने आतड्यांची हालचाल मंदावते. साधं बद्धकोष्ठ म्हणून सोडून दिलं तर मळ साचून आतडं अडतं, आणि त्याने माणसं दगावलेली आहेत. २०२० च्या जानेवारीत अमेरिकेच्या औषध प्रशासनाने याबद्दलचा इशारा मुद्दाम अधिक कडक केला.

अडचण अशी की 'आज पोट साफ झालं का?' हा प्रश्न तीस वर्षांच्या मुलाला किंवा सुनेला विचारणं घरात कोणाला आवडत नाही, आणि आजारी माणूस आपणहून सांगत नाही. तरी विचारा. रोज विचारा. आधी खुलासा करून ठेवा, की हे औषध असं आहे म्हणून विचारतो, तर त्यात अपमान वाटत नाही. दोन दिवस शौचाला झालं नाही, तर डॉक्टरांना सांगायचं. पोट फुगलं, दुखू लागलं, उलट्या सुरू झाल्या, तर थांबायचं नाही.

आपल्याकडे पहिला हात इसबगोलाकडे जातो. इथे तो पुरेसा नाही, कधी अपायकारकही ठरतो, कारण मुळात आतडंच ढकलत नसताना आत आणखी फुगणारी वस्तू घातली जाते. लॅक्टुलोज, बिसाकोडिल, सोनामुखी यांपैकी काय आणि किती द्यायचं, हे मनोविकारतज्ज्ञांनाच विचारा. अनेक डॉक्टर ते क्लोझापिनबरोबर पहिल्या दिवसापासून देतात आणि माझ्या मते तेच शहाणपणाचं आहे. भाकरी, पालेभाज्या, फळं, पाणी आणि रोजचं चालणं याची जोड हवीच. श्रावणात किंवा नवरात्रात कडक उपास असतील, तर निदान पाणी तोडू नका. एका माणसाच्या पथ्यासाठी घराने उपासाचा नेम थोडा सैल केला तर काही बिघडत नाही.

अठ्ठेचाळीस तास

या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. सलग दोन दिवस गोळी चुकली, तर तिसऱ्या दिवशी जुना डोस एकदम द्यायचा नाही. शरीराची सवय एवढ्यात मोडलेली असते. ३०० मिलिग्रॅम पचवणाऱ्या माणसाला दोन दिवसांच्या खंडानंतर तोच डोस दिला, तर रक्तदाब कोसळून शुद्ध हरपू शकते, फीट येऊ शकते. पुन्हा १२.५ पासून सुरुवात करावी लागते, आणि वर किती वेगाने जायचं ते डॉक्टर सांगतात. एखादा डोस चुकला असेल, तर पुढच्या वेळी दुप्पट देऊन भरपाई करू नका.

खंड कधी पडतो? गणपतीला कोकणात जाताना गोळ्या मुंबईच्या घरी राहतात. वारीत पिशवी हरवते. लग्नघरात चार दिवस कोणाला आठवण राहत नाही. म्हणून प्रवासाला निघताना गोळ्यांचे दोन भाग करा. एक रुग्णाच्या पिशवीत, दुसरा बरोबरच्या माणसाकडे. पट्टी संपायच्या आठवडाभर आधी नवी आणा, कारण छोट्या गावातल्या दुकानात हे औषध मागवावं लागतं.

याच्या उलटही खरं आहे. बरं वाटतंय म्हणून औषध एकदम बंद केलं, तर आजार आधीपेक्षा जोराने उसळू शकतो, मळमळ, घाम, अस्वस्थता हा त्रास वेगळाच. पेशी घटल्यामुळे डॉक्टरांनी तातडीने थांबवलं तर ती गोष्ट निराळी. एरवी कमी करायचं तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली, आठवड्यांच्या हिशोबाने.

बिडी, कॉफी आणि दुसऱ्या डॉक्टरांच्या गोळ्या

बिडी-सिगारेटच्या धुरातले घटक यकृताला क्लोझापिन लवकर पचवून टाकायला लावतात. त्यामुळे रोज ओढणाऱ्या माणसाचा डोस त्या धुरासकट ठरलेला असतो. त्याने ओढणं एकदम थांबवलं, तर तोच डोस घेऊनही आठवडाभरात रक्तातलं प्रमाण दीडपट किंवा त्याहून अधिक होऊ शकतं. मग गुंगी, तोल जाणं, लाळ, अंगाला झटके. सोडणं चांगलंच, पण डॉक्टरांना आधी सांगून सोडावं. अपघात होऊन किंवा दुसऱ्या आजारासाठी हॉस्पिटलात भरती झालेल्या माणसाचं हे न ठरवताच घडतं, तेव्हा तिथल्या डॉक्टरांना क्लोझापिन आणि बिडी दोन्हींबद्दल सांगा. तंबाखू चघळणं किंवा मिश्री लावणं याचा असा परिणाम होत नाही, कारण तो निकोटिनचा नसून धुराचा आहे. अर्थात म्हणून मिश्रीला मोकळीक मिळाली असं नव्हे. कॉफीचं उलट आहे: ती वाढली की औषधाचं प्रमाण वाढतं. रोजच्या दोन कपांना हरकत नाही, दोनाचे सहा करू नका.

सर्दी-जुलाबासाठी आपण कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जातो आणि तिथे क्लोझापिनचा उल्लेख करत नाही, कारण मनाच्या आजाराचं नाव काढायला नको वाटतं. पण जुलाबावर सर्रास मिळणारं सिप्रोफ्लॉक्सासिन क्लोझापिनचं प्रमाण बरंच वाढवतं. नैराश्यावर दिलं जाणारं फ्लुव्होक्सामिनही तसंच. फिटवरचं कार्बामाझेपिन पेशींना घातक म्हणून टाळतात, सेप्ट्रान नावाने ओळखलं जाणारं प्रतिजैविकही पांढऱ्या पेशी घटवू शकतं. दारू आणि झोपेच्या गोळ्या सोबत गेल्या तर श्वास मंदावण्याचा धोका असतो. एका कागदावर 'क्लोझापिन चालू आहे', डोस, शेवटच्या तपासणीची तारीख आणि मनोविकारतज्ज्ञांचा फोन लिहून पाकिटात ठेवा. आजाराचं नाव न घेताही तो कागद कुठल्याही डॉक्टरपुढे ठेवता येतो.

वजनाबद्दल थोडंच सांगतो, पण ते मनावर घ्या. भूक वाढते, वजन वाढतं, पुढे साखर येते. वजन दर महिन्याला, साखर आणि कोलेस्टेरॉल तीन महिन्यांनी आणि मग डॉक्टर सांगतील तसं. फार तहान लागू लागली, रात्री वारंवार लघवीला उठावं लागलं, तर साखर लगेच तपासा. बिचारा आजारी आहे, खाऊ दे, असं म्हणत ताटात वाढलेली दुसरी वाटी शिरा हे प्रेमच असतं, पण त्याची किंमत त्याचं शरीर देतं. झोपेत लाळ गळते त्याला उपाय आहेत. तोवर उशीवर टॉवेल, कुशीवर झोपणं आणि त्यावरून घरात कोणीही हसणार नाही याची खबरदारी.

लपवाछपवी

गोळीची पूड करून आमटीत किंवा चहात मिसळण्याची पद्धत अनेक घरांत आहे. थकलेल्या आईवर रागावण्याचा कोणाला अधिकार नाही, तरी क्लोझापिनच्या बाबतीत हे करू नका. कप अर्धा प्यायला की पूर्ण, यावर डोस अवलंबून राहतो. दोन दिवस ताट परत गेलं तर खंड पडला हे कळतच नाही. आणि दर आठवड्याला रक्त कोणत्या कारणाने काढणार? २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आपल्या उपचाराची माहिती मिळणं हा रुग्णाचा हक्कही ठरवला आहे. सांगून, पटवून, पुन्हा पुन्हा बोलून दिलेलं औषधच वर्षानुवर्षं चालतं.

मुलींच्या बाबतीत लपवाछपवी लग्नापर्यंत जाते. लग्न ठरलं की गोळ्या बंद करायच्या, किंवा सासरी चोरून घ्यायच्या. दोन्हींचा शेवट आजार उलटण्यात होतो, आणि क्लोझापिन चोरून घेताना रक्ततपासणी सुटते ती वेगळीच. एक गोष्ट स्त्रियांना फार क्वचित सांगितली जाते. रिस्पेरिडोन किंवा अमिसल्प्राइड यांसारख्या औषधांनी कित्येकींची पाळी थांबते. तिथून क्लोझापिनवर आलं की पाळी परत सुरू होते आणि गर्भ राहण्याची शक्यताही परत येते. नको असेल तर आधीच काळजी घ्या. हवा असेल तर औषध परस्पर बंद न करता मनोविकारतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ दोघांशी बोला. हे औषध चालू असताना बाळाला अंगावर पाजू नये असं सांगितलं जातं.

गोळ्या कुलपात ठेवा. ज्याला सवय नाही अशा माणसाने किंवा मुलाने थोड्या गोळ्या घेतल्या तरी प्रसंग गंभीर होतो. आत्महत्येचे विचार बोलून दाखवणाऱ्या माणसाच्या हाती महिन्याची पट्टी एकदम देऊ नका. अवघड रात्री बोलायला कोणी हवं असेल तर टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि त्यावर मराठीतही बोलता येतं. महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे सरकारी मनोरुग्णालयं आहेत, गोव्यात बांबोळीला आहे. तिथे बाह्यरुग्ण विभागात दाखवता येतं, दाखल व्हावंच लागतं असं नाही.

गुण लगेच दिसेल ही अपेक्षा ठेवू नका. काहींना काही आठवड्यांत फरक पडतो, काहींना योग्य डोसवर तीन महिने किंवा त्याहून अधिक काळ द्यावा लागतो. आवाज कदाचित पूर्ण जाणार नाहीत, पण त्यांचा हुकूम चालेनासा होतो, आणि माणूस पुन्हा स्वतः आंघोळ करून जेवायला येऊन बसतो.

तुमच्या घरात कोणी दोन औषधं नीट घेऊनही वर्षानुवर्षं तसंच अडकलेलं असेल, आणि क्लोझापिनचा विषय कधी निघालाच नसेल, तर पुढच्या भेटीत तुम्हीच तो काढा. "डॉक्टर, याला क्लोझापिन चालेल का? रक्ततपासणीची जबाबदारी आम्ही घेतो," एवढंच म्हणा.